सोनोग्राफीतील पांढरे ठिपके : भीती नेमकी कशाची बाळगावी?

सोनोग्राफीचे यंत्र आता तालुक्याच्या गावी पोहोचले आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. ज्या तपासणीसाठी एकेकाळी पुण्या-मुंबईची वाट धरावी लागे, ती आज एस.टी. स्टँडसमोरच्या इमारतीत अर्ध्या तासात होते. मात्र यंत्राबरोबर एक नवी काळजीही घरोघर आली आहे. ती म्हणजे इंग्रजीत छापलेला रिपोर्ट. डॉक्टरांची भेट संध्याकाळी असते, रिपोर्ट दुपारीच हातात पडतो, आणि मधल्या चार तासांत घरातले सगळे डॉक्टर होतात!

मुलाला खेळताना जांघेत चेंडू लागतो, किंवा आंघोळ घालताना आईला एक बाजू मोठी वाटते. डॉक्टर वृषणकोषाची, म्हणजे साध्या भाषेत गोट्यांच्या पिशवीची, सोनोग्राफी करायला सांगतात. सूज किरकोळ निघते, पण रिपोर्टच्या शेवटी एक शब्द असतो : कॅल्सिफिकेशन. कोणी म्हणते खडा झाला, कोणी म्हणते गाठ आहे, आणि कोणी तरी हळूच कर्करोगाचे नाव काढते. मुलगा आठ-दहा वर्षांचा असो की पंधरा वर्षांचा, त्या रात्री त्या घरात कोणाला झोप लागत नाही.

या विषयावर माझे मत सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. हे पांढरे ठिपके बहुतेक मुलांना काहीही त्रास देत नाहीत. ज्या थोड्या मुलांच्या बाबतीत ते महत्त्वाचे असतात, ती मुले ओळखता येतात. पण याच अवयवाची जी दुखणी खरोखर घातक आहेत, ती मुले लाजेपोटी सांगत नाहीत आणि आपण लाजेपोटी विचारत नाही. जिथे घाबरायला नको तिथे आपण घाबरतो, आणि जिथे धावत सुटायला हवे तिथे गप्प बसतो. हे उलटे झाले आहे, ते सुलटे व्हायला हवे.

खडा नव्हे, चुनाही नव्हे

प्रथम हा ठिपका म्हणजे काय ते पाहू. सोनोग्राफीत आवाजाच्या अतिसूक्ष्म लहरी शरीरात सोडतात आणि त्यांच्या प्रतिध्वनीवरून चित्र तयार होते. यात क्ष-किरण नसतात, त्यामुळे लहान मुलांसाठी ही तपासणी सुरक्षित आहे. जो भाग कठीण, तो चित्रात पांढरा चमकतो. शरीरात एखाद्या जागी पेशी मेल्या, रक्त साकळले किंवा जुनी सूज विरली की तेथे कॅल्शियमचे कण साठतात. जखम भरल्यावर खूण राहावी, तसाच हा प्रकार.

याचा दुधाशी, पानातल्या चुन्याशी किंवा बोअरच्या जड पाण्याशी काही संबंध नाही. हा मुतखडाही नव्हे. तेव्हा मुतखड्यावर चालतो म्हणून पानफुटीचा रस मुलाला पाजण्यात अर्थ नाही. दूध बंद करणे तर सरळ नुकसानीचे, कारण वाढत्या हाडांना कॅल्शियम हवेच. हे कण विरघळवणारे औषध कोणत्याही पॅथीत नाही, आणि बहुतेक वेळा त्याची गरजही नसते.

ठिपका आत की बाहेर?

रिपोर्ट हातात आल्यावर विचारायचा पहिला प्रश्न हा : ठिपका वृषणाच्या आत आहे की बाहेर? उत्तरावर पुढचे सारे अवलंबून आहे.

वृषण हा मुख्य अवयव. त्याच्या पाठीला बारीक नळीची एक गुंडाळी चिकटलेली असते, तिला अधिवृषण म्हणतात. वृषणाभोवती पातळ पडद्याची पिशवी, त्यात थोडासा द्रव, आणि वरून त्वचा, अशी ही रचना आहे. बाहेरच्या भागातले ठिपके बहुधा निरुपद्रवी असतात.

नवजात बाळाचे उदाहरण घेऊ. गर्भात असताना आतड्याला बारीक छिद्र पडले, तर बाळाची पहिली काळी शी पोटाच्या पोकळीत सांडते. पोटातून वृषणकोषात जाणारी वाट त्या काळात उघडी असते. तिच्यातून ती खाली उतरते आणि तेथे कॅल्शियम धरते. जन्मताना पाणी भरल्यासारखी सूज दिसते आणि काही आठवड्यांत तिथे कडक गाठी लागतात. हात लावल्यावर ट्यूमर वाटावा अशाच त्या असतात. सोनोग्राफीत गाठी वृषणाच्या बाहेर आहेत आणि पोटातही तसेच ठिपके आहेत असे दिसले, की उलगडा होतो. या गाठी बहुधा आपोआप लहान होत जातात, काढाव्या लागत नाहीत. अशा बाळाची आतडी मात्र तपासावीत आणि सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक आजार नाही ना, याची खात्री करून घ्यावी.

थोड्या मोठ्या मुलांमध्ये वृषणकोषात मोत्यासारखा एखादा सुटा कण सापडतो. हाताने तो इकडून तिकडे सरकतो. वृषणाच्या टोकाला जन्मतःच मोहरीएवढे एक शेपूट असते. साधारण सात ते बारा या वयात कधी त्याला पीळ पडतो, चार-आठ दिवस दुखते आणि थांबते. ते शेपूट वाळून, सुटून तसेच राहते आणि पुढे कॅल्शियम धरते. मार लागून साकळलेल्या रक्ताचेही असेच होते. या मोत्यापासून धोका नाही.

अधिवृषणातील ठिपके जुन्या जंतुसंसर्गाची खूण असू शकतात. सूज टिकून असेल किंवा घरात कोणाला क्षयरोग झालेला असेल, तर त्या दिशेने तपासणी करावी. विदर्भातील वाचकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली हा हत्तीरोगाचा पट्टा आहे. या रोगाचे जंत वृषणकोषातील लसिकावाहिन्यांत घर करतात. जिवंत जंत सोनोग्राफीत वळवळताना दिसतात, आणि मेलेले जंत कॅल्शियम धरून पांढरे होतात. अशा वेळी रात्रीच्या रक्ताची तपासणी करून घ्यावी, कारण या जंतांची पिल्ले प्रामुख्याने रात्रीच रक्तात उतरतात. आरोग्य कर्मचारी रात्री दार ठोठावून रक्त मागतो तेव्हा त्याला परत पाठवू नये, ते याचसाठी.

वृषणाच्या आतले चांदणे

आता आतल्या ठिपक्यांकडे वळू. वृषणात बीजनिर्मितीच्या बारीक नळ्या असतात. त्यांत मेलेल्या पेशींभोवती कॅल्शियमचे कण साठले की काळ्या-करड्या चित्रात चांदण्या पसराव्यात तसे ठिपके दिसतात. एका दृश्यात तीन मिलिमीटरपेक्षा लहान असे पाच किंवा अधिक ठिपके असतील, तर त्याला मायक्रोलिथियासिस म्हणतात. रिपोर्टमधला हा लांबलचक शब्द वाचून छाती दडपते, पण त्याचा अर्थ एवढाच : बारीक कण. पाचापेक्षा कमी असतील, तर त्याचे महत्त्व आणखी कमी.

ही काही आजची गोष्ट नाही. १९७० साली अमेरिकेतील 'पेडियाट्रिक्स' या नियतकालिकात एका चार वर्षांच्या मुलाच्या वृषणातील अशा कॅल्शियमची नोंद प्रसिद्ध झाली होती. पुढे सोनोग्राफीची यंत्रे सुधारली, बारीकसारीक दिसू लागले आणि नोंदी वाढल्या. म्हणजे मुले अधिक आजारी झाली असे नव्हे, आपले डोळे अधिक तीक्ष्ण झाले!

मग कर्करोगाचे नाव यात आले कोठून? वृषणाचा कर्करोग झालेल्या पुरुषांच्या वृषणात हे कण बऱ्याचदा सापडले, म्हणून. पण याचा उलटा अर्थ काढणे चुकीचे आहे. ज्या घरी चोरी झाली तिथे कुलूप होते, म्हणून कुलूप असलेल्या प्रत्येक घरी चोरी होत नाही. खरी परीक्षा निरोगी माणसांची तपासणी करूनच होते. अमेरिकी लष्कराच्या प्रशिक्षण शिबिरातील १८ ते ३५ वयाच्या १,५०४ निरोगी तरुणांची अशी सोनोग्राफी झाली, तिचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील ८४ जणांमध्ये, म्हणजे शंभरात पाच-सहा जणांमध्ये, हे ठिपके होते. त्यांच्यापैकी ६३ जणांचा पाच वर्षे मागोवा घेतला गेला आणि २००८ मध्ये तो जाहीर झाला. कर्करोग झाला तो एकाला. बाकी ६२ जण आपापल्या कामात होते. भारतात तर मुळात हा कर्करोग लाखात एकालाही होत नाही.

युरोपातील क्ष-किरण तज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. नुसते ठिपके असतील आणि दुसरे कोणतेही धोक्याचे कारण नसेल, तर वारंवार सोनोग्राफी नको आणि वृषणाचा तुकडा काढून तपासणेही नको, असा त्यांचा निर्वाळा आहे. म्हणून दर तीन महिन्यांनी पैसे खर्च करून त्याच चांदण्या मोजत बसू नये. त्यातून मुलाच्या मनात मात्र कायमची धास्ती बसते.

'पुढे याला मुले होतील ना?' हा प्रश्न आई-वडील डॉक्टरांना दारापर्यंत जाऊन, परत फिरून विचारतात. नुसत्या या ठिपक्यांमुळे वंध्यत्व येते असे म्हणता येत नाही. दहा वर्षांच्या मुलाच्या रिपोर्टवरून त्याच्या संसाराचा निकाल लावू नये. आणि हा कागद नातेवाइकांत फिरवू नये.

काळजी कोणी घ्यावी?

निर्धास्त राहा म्हणजे डोळे मिटून राहा, असे नव्हे. काही मुलांच्या बाबतीत या ठिपक्यांकडे लक्ष ठेवलेच पाहिजे.

ज्याचा वृषण जन्मताना खाली उतरलेला नव्हता किंवा ज्याचे त्यासाठी ऑपरेशन झाले आहे. ज्याचा वृषण दुसऱ्यापेक्षा बराच लहान, सुकलेला आहे. ज्याच्या वडिलांना किंवा सख्ख्या भावाला वृषणाचा कर्करोग झाला होता. किंवा ज्याला स्वतःला एका बाजूला तो होऊन गेला आहे, अशा मुलांना ठिपके असतील तर त्यांनी तज्ज्ञांच्या सल्ल्याने नियमित तपासणी ठेवावी. प्रौढांसाठीच्या वर सांगितलेल्या सूचनांनुसार त्यांना वर्षातून एकदा सोनोग्राफी पुरेशी ठरते.

ठिपक्यांबरोबर वृषणात गाठ असेल, तर मात्र कारणे शोधत बसू नये. वेदना नसलेली, कडक गाठ ही सर्वांत संशयास्पद. न दुखणारी गाठ म्हणून आपण ती सोडून देतो, हीच मोठी चूक. अशा वेळी रक्ताच्या विशिष्ट तपासण्या करतात. सुई टोचून नमुना घेत नाहीत, आणि ऑपरेशनही पिशवीवर नव्हे तर जांघेतून छेद घेऊन करतात. कोणी सुई घालू म्हणाले तर आधी मोठ्या रुग्णालयातील तज्ज्ञांचे मत घ्यावे. हा कर्करोग लवकर सापडला तर जवळजवळ हमखास बरा होतो. सिसप्लॅटिन या औषधाला १९७८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, त्यानंतर या रोगाचे चित्रच पालटले. क्रिकेटपटू युवराज सिंगला झालेला कर्करोग छातीतला होता, पण कुळ हेच. २०१२ मध्ये उपचार घेऊन त्याच वर्षी तो पुन्हा भारतासाठी मैदानात उतरला, हे वाचकांना आठवत असेल.

न उतरलेल्या वृषणाबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. पूर्ण दिवसांच्या शंभर बाळांत साधारण तिघांचा एखादा वृषण जन्मताना जागेवर नसतो. पहिल्या सहा महिन्यांत काहींचा आपोआप उतरतो. त्यानंतर वाट पाहण्यात अर्थ नसतो. बाळ दीड वर्षाचे होण्याच्या आत ऑपरेशन व्हावे. स्वीडनमध्ये असे ऑपरेशन झालेल्या १६,९८३ जणांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. तेराव्या वर्षाआधी ऑपरेशन झालेल्यांना कर्करोगाचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट होता, तेराव्यानंतर झालेल्यांना तो पाचपटीहून अधिक होता. आपल्याकडे 'मोठा झाला की उतरेल' या एका वाक्यावर वर्षेच्या वर्षे निघून जातात. बाळाला न्हाऊ-माखू घालणारी आजी किंवा मालिश करणारी बाई यांच्या हाताला ही गोष्ट सर्वांच्या आधी लागते. त्यांनी ती बोलून दाखवावी, आणि घरच्यांनी ती ऐकावी. थंडीने किंवा भीतीने वृषण तात्पुरता वर ओढला जातो, म्हणून कोमट पाण्याच्या आंघोळीनंतर पाहावे.

सहा तासांची गोष्ट

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. कधी कधी सोनोग्राफीत एका बाजूचा वृषण सुपारीसारखा सुकलेला आणि त्यात कॅल्शियम साठलेले दिसते. खोदून विचारले की मुलगा सांगतो, 'दोन वर्षांपूर्वी एका रात्री खूप दुखले होते. दोन दिवसांनी थांबले.' दुखणे थांबले, कारण वृषण मेला. तो ठिपका रोग नव्हे. ती आपण गमावलेल्या वेळेची पावती आहे.

वृषण ज्या दोरीसारख्या भागाला लटकलेला असतो, तिच्यातून त्याचा रक्तपुरवठा होतो. तिला पीळ पडला की रक्त बंद. साधारण बारा ते अठरा या वयात हे अधिक घडते, अनेकदा पहाटे झोपेतच. सहा तासांच्या आत ऑपरेशन करून पीळ सोडवला तर वृषण बहुधा वाचतो. चोवीस तास गेले तर बहुधा जातो. आणि मुलगा काय सांगतो? 'पोटात दुखतंय.' त्याला उलट्याही होतात. मग ओवा दिला जातो, बेंबी सरकली म्हणून पोट चोळले जाते, अॅसिडिटीची गोळी होते, आणि सहा तास कधी सरले ते कळत नाही. मुलगा खोटे बोलत नसतो. पोटात खरेच दुखते. पण खाली दुखते हे सांगायला त्याच्याकडे शब्द नसतो. घरात त्या अवयवाचे नाव कोणी कधी नीट घेतलेलेच नसते!

म्हणून मोठ्या मुलाच्या पोटात अचानक जोराचे दुखू लागले, तर वडिलांनी दार लावून सरळ विचारावे, 'खाली दुखतंय का? दाखव बघू.' एक बाजू सुजलेली, वर ओढलेली किंवा हात लावू न देण्याइतकी दुखरी असेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सर्जन असलेले रुग्णालय गाठावे. निघताना काही खायला-प्यायला देऊ नये, कारण भूल द्यावी लागेल. पिळाचा संशय पक्का असेल तर सोनोग्राफीसाठी सकाळची वाट पाहण्यात वेळ घालवू नये. ऑपरेशनचा निर्णय सर्जनच्या हातावर होतो.

बोलायचे कोणी?

अलीकडे शाळांतून मुलींशी पाळीविषयी बोलले जाते, ते योग्यच आहे. पण मुलांशी कोण बोलते? आठवी-नववीच्या मुलांना पी.टी.च्या शिक्षकांनी वर्षातून एकदा पंधरा मिनिटे एवढेच सांगावे, की खाली अचानक दुखले तर लगेच सांगायचे, लपवायचे नाही. शाळेत आरोग्य तपासणीला येणाऱ्या पथकाने दात-डोळ्यांबरोबर हेही आडोशाला, मुलाचा मान राखून पाहावे. वयात आलेल्या मुलाने महिन्यातून एकदा गरम पाण्याच्या आंघोळीनंतर अंगठा आणि बोटे यांच्यात प्रत्येक वृषण हळूच फिरवून पाहावा. एक बाजू किंचित खाली असणे स्वाभाविक आहे, मागची मऊ गुंडाळीही स्वाभाविक आहे. कडक, नवीन काही लागले तर सांगावे. याला ना खर्च, ना यंत्र. ज्याच्या रिपोर्टमध्ये ठिपके आले आहेत, त्यालाही दरमहा करायचे ते एवढेच.

माझ्या व्यवसायबंधूंनाही विनंती आहे. सोनोग्राफीला पाठवण्यापूर्वी स्वतः हात लावून तपासावे. रिपोर्ट देणाऱ्यांनी ठिपका आत की बाहेर, किती, दोन्ही वृषणांचे आकारमान किती, आणि गाठ आहे की नाही, हे स्पष्ट लिहावे. शेवटी मराठीत दोन ओळी जोडाव्यात. 'गाठ नाही. घाबरण्याचे कारण नाही' या दोन वाक्यांना शाई फारशी लागत नाही, आणि त्यांनी एका घराची रात्र सुखाची होते.

पालकहो, कागदावरचा पांढरा ठिपका कुठे पळून जात नाही. त्याच्याविषयी शांतपणे, दोन दिवसांनी विचारले तरी चालते. पहाटे पोट धरून बसलेल्या मुलाला मात्र तेवढा वेळ नसतो. आज रात्री जेवताना नको, पण झोपण्यापूर्वी मुलाला जवळ बोलावून एवढे सांगून ठेवा : खाली दुखले तर मला उठव, मी रागावणार नाही.